म्हातारी पायरीवर बसली आहे

...तेवढ्यात म्हातारी खालच्या पायरीवर बसली, मुलगी दिवा घेऊन एकटीच वर गेली, आणि तुझी मामी ‘अहो, ती मागे राहिली!’ म्हणून अशी ओरडली की माझ्या हातातली बादली सुटली. (मिरजगावहून चि. मनवास अनेक आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतं. आम्ही बरे आहोत. मामीचं बीपी सोडून.)

तू केलेला फोनवरचा नवा खेळ जुन्यापेक्षा चांगला आहे. जुन्यात अंधार इतका होता की फोन बिघडला समजून मी तो स्टँडजवळच्या दुकानात दाखवला. (दुकानदाराने काच पुसून परत दिला.) त्यातल्या आडात मुलगी एकटीच उतरायची, पडायची, आणि पडली की सगळं पहिल्यापासून. पडली तरी आम्हाला फारसं वाटायचं नाही. तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं. आता आड जाऊन बारव आली. पायऱ्या दिसतात, दिव्याचा उजेड हलतो, खाली पाणी वाजतं. आणि मुलीच्या मागोमाग म्हातारी आहे. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. (मामीने ते लगेच पाहिलं. मग स्वतःचा चष्मा काढून पुसला.)

अडलं ते शब्दांवर. पायऱ्यांच्या वळणावर मुलीने म्हातारीला म्हणायचे दोन शब्द उमटतात: ‘येते’ आणि ‘जाते’. मामीने ‘येते’ दाबलं. निघताना आपल्यात दुसरं काही म्हणत नाहीत. पण म्हातारीने ते खरं धरलं. पदर सावरून बसली आणि वाट पाहू लागली. परत खाली गेलं की तेच दोन शब्द. म्हणजे ‘जाते’ दाबून पाहायचं, हे मला कळतं. मामीलाही कळतं. पण ती म्हणते, ‘म्हाताऱ्या बाईला तोंडावर जाते म्हणू? तुम्ही दाबा.’ मीही दाबत नाही. (जन्मभर मराठी शिकवलं. शब्दाची भीती गेली नाही.) शेजारच्या झुंबरबाई दूध द्यायला आल्या, त्याही फोनपाशी बसल्या. ‘लई गार आसंल तिथं. घोंगडी न्हाई का देता येत तिला?’ मी म्हणालो, खेळ आहे. ‘व्हय, पन म्हातारी हाय ना?’

आता लाईट गेली. बॅटरी लाल झाली आहे. फोन बंद पडला तर जुन्या खेळासारखं सगळं पुसलं जाईल, मग ती कुठे जाईल, असं मामी विचारते. तुला फोन करावा, तर आमच्यात फोन एकच, आणि त्यात म्हातारी आहे. मामी हात लावू देत नाही. म्हणून पत्र.

तुझा
शामकांतमामा

ता. क. ‘जाते’ हा शब्द काढता येतो का, पाहा.

पुन्हा ता. क. शब्द राहू दे. दिवाळीत मामी तुला म्हणाली, खेळ करून कुणाचं पोट भरतं, आणि तू दारातून ‘जाते’ म्हणून गेलीस. त्यानंतर खेळ तेवढा पाठवलास, चार ओळी नाहीत. मामी त्याबद्दल बोलत नाही. म्हातारीबद्दल बोलते. एकदा येऊन जा. निघताना नीट म्हण.

सकाळी लाईट आली. फोन सुरू केला. काही पुसलं गेलं नव्हतं. म्हातारी त्याच पायरीवर होती. (ही सुधारणा मोठी आहे.) मामीने खेळ बंद केला आणि तुला फोन लावला. ‘म्हातारी वाट बघतेय,’ एवढंच म्हणाली. तू ‘येते’ म्हणालीस, असं कळतं. तिने ते खरं धरलं आहे. तरी पत्र टाकतो. तिकीट लावून झालं आहे.