नैरोबी, साडेतीन तास

५ जानेवारी १९७५
विमान कंपनीकडून आणलेल्या फुकट वेळापत्रकाची खरी किंमत: मुंबईला जाण्यायेण्यात अख्खा दिवस, माझ्या कारखान्यातले बंद राहिलेले दोन लूम आणि बायकोचा, हौसाचा, अबोला. पण काम फत्ते. मुंबई सकाळी आठ, नैरोबी साडेअकरा. म्हणजे साडेतीन तास! नाशिकची एसटी याहून जास्त घेते.
नैरोबीला दिलेल्या लेकीचं, तुळजाचं, पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. सातवा लागलाय, पाय सुजतात. तिथला डॉक्टर एकटीला सोडत नाही, जावयाला मिलमध्ये रजा नाही. मीच जाऊन आणतो. माझा न् हौसाचा पासपोर्ट तयार. सकाळी निघायचं, दुपारी लेकीकडे जेवायचं.

९ जानेवारी
तिकीट काढलं. एजंट म्हणतो, शेठ, तिथलं घड्याळ अडीच तास मागे, विमान सहा तास हवेत असतं. मला शिकवतो! शाळेचा नकाशा मागवून वर सूत धरलं. सुतानं मला कधी फसवलं नाही. साडेचार हजार किलोमीटर. जवळपास सगळं पाणीच. सहज लिहून ठेवलं.

१४ जानेवारी
संक्रांत. उद्या करीचा दिवस. करीला कोण प्रवास करतं? तारीख पुढे ढकलली.

२३ जानेवारी
तुळजाचं पत्र, तेरा दिवसांनी पोचलं. बाबा, कधी येता? सातवा सरला की विमानवाले घेत नाहीत म्हणे. सहा तासांचं काम, घाई कसली?
चहावाल्याकडे मागच्या बाकावरचे दोघे बोलत होते, विमान हवेतल्या खड्ड्यात पडतं. माझे कान तिखट. हवेत कसले खड्डे! सडकेचा निदान दिसतो तरी.

२ फेब्रुवारी
तारीख पुन्हा बदलली. कारण धंदा. लूमवर सुताचे नवे बीम चढवायचेत. हौसा म्हणाली, रामनाथ फोरमन काय मेला हाय? बायकांना धंदा कळत नाही.

११ फेब्रुवारी
अमावास्या. शिवाय पोटात मुरडा. परवा नक्की.

१९ फेब्रुवारी
जावयाची तार. तुळजाचं ब्लडप्रेशर वाढलंय, आता प्रवास बंद.
हौसा म्हणाली, लेकीला येता येत न्हाय, तं आई जाईल. तिकीट माज्या नावाचं करा. मी समजावलं, अगं, तू शेजारच्या पडघ्याच्या पुढे गेलेली नाहीस. ती म्हणाली, तुमी नकाशाव लय फिरलाव, पोचलाव कुठं?
तिकीट तिच्या नावावर करायला सांगितलं. वाद घालणं माझ्या स्वभावात नाही.

४ मार्च
हौसा आज गेली. लशीच्या नि परवान्याच्या कागदपत्रांत दोन आठवडे गेले. सोबत लुगडी, डिंकाचे लाडू. घाबरली नाही. अडाण्याला भीती नसते.

७ मार्च
तार आली. हौसा पोचली. ती पोचण्याच्या दोन दिवस आधीच तुळजाला मुलगी झाली. वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवलीय. तुळजाला दोन बाटल्या रक्त लागलं. जावई ड्युटीवर होता, जवळ आपलं माणूस कोणी नव्हतं.
लोक विचारतात, वहिनींना विमानात बसवून आलात ना?
विमानतळावर रामनाथ गेला होता. मी टॅक्सीतून गावातल्याच धामणकर नाक्यावर उतरलो.