‘हॉर्सफ्लाय’ची घंटा

गॉसपोर्ट, रविवार

चि. रूबेन यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा उत्तम आहे, फक्त चालताना दुखतो. नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि सूनबाई एफी लिहितेय. (एफी, ‘लाडकी सूनबाई’ असं घुसडू नकोस, तो मला ओळखतो.)

आपली ‘हॉर्सफ्लाय’ युद्धनौका भंगारात निघाली आणि फोडायला तुझ्याच धक्क्यावर येतेय म्हणे. तू तिथला मुकादम, तेव्हा पाहुणीची कीर्ती तुला ठाऊक हवी. शत्रूच्या टॉर्पेडो बोटी पकडायला तिला बांधली. पकडली एकही नाही. एकदा तर हेरिंगने भरलेली मासेमारी बोट हिला मागे टाकून गेली, वर त्या कोळ्याने टोपी हलवून विचारलं, "दोर टाकू का, दादा?" माझा नवरा जेबेझ खाली भट्टीत कोळसा लोटून लोटून काळा पडला, पण ही आपली ढिम्म. मग आरमाराच्या बड्या साहेबांसमोर टॉर्पेडो सोडायचा दिवस आला. (सरावाचा हो, आत दारू नव्हती.) तो बिचारा थोडा पुढे गेला, घुटमळला, आणि आईची आठवण आल्यासारखा वळून थेट हिच्याच मागे लागला. त्या दिवशी मात्र अशी पळाली की विचारू नकोस! जेबेझ जाईपर्यंत सांगायचा, "केझिया, वेग होता गं तिच्यात, फक्त कोणीतरी घाबरवायला हवं होतं." शेवटी मासेमारीवर पहाऱ्याला ठेवली. तेव्हापासून आमच्या पडद्यांना हॅडॉक माशांचा वास आहे.

पण रूबेन, माझ्या तिन्ही पोरांचा बाप्तिस्मा तिच्याच डेकवर झाला, तिची घंटा उलटी करून, तीत पाणी भरून. तिघांची नावं आतून कोरलीत. आता धाकट्या टॉमला मुलगी झालीय. एफी म्हणते, "चर्चमध्ये संगमरवरी कुंड असताना घंटेत? बाळ आहे की बटाटे?" मी म्हटलं, "तुझा नवरा त्याच बटाट्यांतला." तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. (हे पत्र सोडून.)

तुझी बहीण,
केझिया (फुली माझी, अक्षर तिचं)

ता. क. घंटा वितळवलीस तर याद राख. पत्र त्यासाठीच होतं, तुझ्या गुडघ्याचं आपलं उगाच विचारलं.

आणखी एक ता. क. रूबेनमामा, हे मी, एफी, लिहितेय. त्या चहा टाकायला गेल्यात. घंटा नक्की आणा. चर्चला मी केव्हाच ‘कुंड नको’ म्हणून कळवलंय. टॉमच्या नावाखाली जागा असेल तर येतानाच बाळाचं नाव कोरून आणा, ‘केझिया’. पण त्यांना सांगू नका. भांडण चालू असलं की त्यांचा गुडघा खरंच बरा असतो.