निळी तार

प्रिय धाकट्या,

आईला परवा कानाच्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तू कागद भिरकावलास तरी मुख्य काम झालेलं असेल. का नेऊ नकोस ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

त्या शनिवारी तू गाडी घेऊन आलास आणि नवा कोरा सबवूफर, तो अंगाला जाणवणारा खोल धमधम आवाज काढणारा डबा, माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलास. म्हणालास, "दादा, तूच जोड. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागू देणार नाही." मला बरं वाटलं. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या वायरी जोडतोय, पण इतकं मन लावून कुठे काम केलं असेल असं आठवत नाही. बॅटरीची जाड तार एका बाजूने नेली, आवाजाची दुसऱ्या बाजूने, म्हणजे मध्येच घरघर नको. अर्थिंगसाठी डिकीतला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. शेवटी राहिली ती निळी तार, काडीएवढी. पुढे टेप सुरू झाला की मागच्या डब्याला 'ऊठ' म्हणून सांगायचं, एवढंच तिचं काम.

मग तू आईला मागच्या सीटवर बसवलंस आणि बाबांचा ढोल लावलास. प्रार्थनेत ते वाजवायचे तो. त्याची कॅसेट वीस वर्षं माझ्याच पेटीत पडून होती. मागच्या खेपेला तू ती मागून नेलीस आणि फोनवर उतरवून आणलीस. मला हे कधी सुचलं नाही. सुचायला हवं होतं, कारण आईचे कान गेल्यापासून आठ वर्षं ती माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी मी तिच्या कानाशी तोंड नेऊन प्रार्थना म्हणतो. माझ्या ओरडण्याने शेजारच्या आजींना सगळी पाठ झाली, पण आईपर्यंत एक ओळ पोचली नाही. आणि तुझ्या गाडीत, पहिल्याच थापेला, सीट थरथरली. आईने तळहात सीटवर टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगंबाई, हा ह्यांचाच हात!" थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "धाकट्याने मला ऐकवलं रे." मी डिकीपाशी पक्कड घेऊन उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस ती उठसूट गाडीत जाऊन बसायची. शेजारच्या आजींना हाताला धरून दाखवायला नेलं, "माझ्या धाकट्याची गाडी बोलते." तुझी वहिनी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तारा तुम्ही ओढल्या आणि नाव भाऊजींचं! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय." मी हसलो. पण देवासमोर बसलो तेव्हा ओठांवर नाव देवाचं होतं आणि डोक्यात तुझं. लहानपणी तू आजारी पडलास की ती तुझ्या उशाशी बसायची आणि मी मुद्दाम थंड पाण्याने आंघोळ करून ताप यायची वाट बघायचो, ते तुला ठाऊक नसेल. पन्नाशी आली तरी माणूस तिथेच उभा असतो.

मग तू तिला पंधरा दिवसांसाठी नेतो म्हणालास. आठ वर्षांत जी फाटकापलीकडे जायला तयार नव्हती, तिने आपली पिशवी आपण भरली. गोळ्या कुठे ठेवल्यात हेसुद्धा मला विचारलं नाही. ती आता परत येत नाही, असं माझ्या मनाने तेव्हाच घेतलं.

काल फोनवर तू म्हणालास, "दादा, आई पार गप्प झालीय. गाणं चालू असतं, मला नीट ऐकू येतं. ती सीटवर हात ठेवते, थांबते आणि उचलून घेते. म्हणते, आता तेही गेलं. जेवणसुद्धा धड करत नाही. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय."

धाकट्या, आईचं काहीएक गेलेलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेला होतास, तेव्हा मी टेप सरकवून ती निळी तार सोडवली आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. पुढचे स्पीकर वाजत राहतात, तुला कळणारही नव्हतं. तिला करमणार नाही, चार दिवसांत म्हणेल मला थोरल्याकडे सोड, एवढाच माझा विचार. तिने हात ठेवला की हाताला काय लागेल, हा विचार मी केला नाही. फोनवर सांगायला तोंड उघडेना, म्हणून उद्या तुमच्या गावी माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. टेपचे दोन स्क्रू काढ. माझ्या पट्ट्या सोड आणि निळीला निळी पीळ घालून जोड. मग काही न बोलता तिला मागे बसव आणि बाबांचा ढोल लाव. मी काय केलं ते तिला सांगायचं की नाही, तू ठरव. तिला तिथेच राहावंसं वाटलं तर राहू दे. फक्त सीटवर हात ठेवल्यावर ती काय म्हणाली ते मला लिही. तुझंच नाव घेतलं असेल तर तेही लिही, गाळू नकोस.

तुझाच, अजून तापाची वाट बघणारा,
दादा