अठरा गोण्यांची थप्पी

नाशिक,
९ ऑक्टोबर २०२५

चि. जीवनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला की साइटवर आहे म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र रावजीच्या टेम्पोतून धाडते आहे.

तुझा कागद मिळाला. त्यावर तुझ्या साइटवरच्या लंकाबाईचा अंगठा मी घेणार नाही. काल इथल्या दवाखान्यात तिला भेटले. सिमेंटच्या गोण्यांची थप्पी कोसळून डाव्या पायाची दोन हाडं मोडली आहेत, आणि तुझा कागद म्हणतो, खालची गोणी तिनेच ओढली. ती म्हणते, ती झाडत होती.

लहानपणी बरणी फोडून मांजरीचं नाव सांगायचास. ही मांजर नाही. खरं काय ते कळव.

गोळ्या वेळेवर घे.
तुझी,
साधनाताई

पिंपळगाव बसवंत,
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. निवृत्त झालीस तरी छडी सुटली नाही तुझी.

कोजागरीला मालकांनी कोल्ड स्टोरेजच्या जागेवर सत्यनारायण घातला. मांडवाला जागा हवी होती, म्हणून दहा-दहा गोण्यांच्या थप्प्या मोडून मी भिंतीलगत अठरा-अठरा रचायला लावल्या. पूजा झाली की उतरवू म्हटलं आणि राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई तिथल्या पत्रावळी झाडत होती.

मालक म्हणतात, हे बोललास तर उद्यापासून येऊ नकोस. पोरीचं, सायलीचं बारावीचं वर्ष आहे, ताई. दवाखाना ते बघतीलच. एका अंगठ्याने कुणाचं काय जातं? हे वाचून फाडून टाक.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
जीवन

नाशिक,
१३ ऑक्टोबर

चि. जीवनास,
आशीर्वाद. कुणाचं काय जातं विचारतोस? तिचा पाय गेला तर उद्या तिलाच ऐकावं लागेल, स्वतःच्या हाताने घालवलास म्हणून.

तुझं पत्र फाडलं नाही. विश्वासाने लिहिलंस म्हणून कुणाला दाखवणारही नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. लंकाबाईचा जबाब तिच्या शब्दांत लिहून घेतला. तिने एक वाक्य मुद्दाम घालायला लावलं, की जीवनभाऊंनी स्वतः गोण्या उपसून तिला बाहेर काढलं. तिने तुझं खरं लिहिलं. आता तू तिचं लिही.

उद्या अकराला मी जबाब घेऊन कामगार कार्यालयात जाते आहे. साक्षीदाराची जागा कोरी ठेवली आहे. नोकरी गेली तर सायली माझ्याकडे राहून शिकेल. मालकांना माझं नाव आणि पत्ता खुशाल दे.

नाही आलास तरी भाऊबीजेला ये, ओवाळीन. मात्र पाय सांधेपर्यंत लंकाबाई माझ्या घरी राहणार आहे, आणि घराला बसायची खोली एकच आहे. तिच्यासमोरच पाटावर बसावं लागेल.

लोभ आहेच, तो मागू नकोस. मी सही मागते आहे.
तुझी,
साधनाताई