ज्याला जमीन नाही त्याचा वाटा

९ नोव्हेंबर १९९७, रविवार. फुजैरा, यूएई.
नातू आज दोन आठवड्यांचा. झोपेत हसतो. सुंता इथल्याच डॉक्टरने केली, त्याचं या देशात कुणाला नवल नाही. प्रार्थना मी दारं लावून पुटपुटले. शेजारी आम्हाला ख्रिश्चन समजतात. समजोत.
आता काळजी पंचवीस तारखेची, बाळाच्या एकतिसाव्या दिवसाची. आईचा पहिला मुलगा देवाचा असतो. बापाने त्या दिवशी चांदी देऊन त्याला कोहेनकडून सोडवून घ्यायचं. कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातल्या याजकांचा वंशज. आम्हा बेने इस्राएल ज्यूंत कोहेन नाहीतच. मुंबईत बगदादी ज्यूंतला एखादा मिळायचा. इथे कुठून आणू?
डीना म्हणाली, "आई, सुट्टीत मुंबईला गेलो की करू ना."
म्हटलं, "सुट्टी तुझ्या नवऱ्याची कंपनी देते. एकतिसावा दिवस ती देत नाही."

१४ नोव्हें., शुक्रवार.
सगळे झोपलेले. एसीची घरघर. उगाच कॉन्व्हेंट आठवलं. स्क्रिप्चरच्या तासाला सिस्टर म्हणाल्या, ते याजक म्हणजे तागाच्या कपड्यांतले खाटीक, बळीतला चांगला तुकडा स्वतः खायचे. मी उभी राहिले. "सिस्टर, बाकीच्या सगळ्या वंशांना जमीन वाटली. यांना एक शेत नाही. मग खायचं काय, धूर?" वर्गाबाहेर उभी केली. साठी उलटली, राग अजून ताजा आहे. पहिली फळं, मेंढीची पहिली लोकर, कणकेचा पहिला गोळा, हा त्यांचा वाटा होता. त्यावर जगून ते वेदीची राख काढत, दिवे लावत, दुसऱ्यांची पापं जाळत. फुकट?
मग डोळा लागला. पहाट, गार फरशी, अनवाणी माणसं गोल उभी. एकेकाने बोट वर केलेलं. कुणीतरी मोजत होतं, ज्याच्यावर थांबेल त्याने आज राख काढायची. मोजणी थांबेना. सगळीकडे धुपाचा वास. जाग आली तर डीनाने कपड्यांना वास लागावा म्हणून खाली ऊद पेटवून ठेवला होता.

१७ नोव्हें., सोम.
जावई सॅमसन बंकरिंगमध्ये आहे, नांगरलेल्या जहाजांना तेल पुरवतो. आमचे पूर्वज कोकणात घाणे चालवत. शनिवारी बैल सोडायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. हा शनिवारीही कामावर. बैलांचं बरं होतं.
आज मात्र आला तोच बूट न काढता माझ्या खोलीत. "आई, मिळाला!" बाहेर एक टँकर थांबलाय. त्याचा चीफ इंजिनिअर ग्रीसमधल्या सालोनिकाचा, म्हातारा. आडनाव ऐकून सॅमने हळूच विचारलं. चीफने आधी दार लावलं, मग हसला. "कोहेन, यस. बट यू? इंडियन?" बराच वेळ नुसता हसत होता म्हणे.

२० नोव्हें., गुरु.
चीफला किनाऱ्यावर उतरता येत नाही. शोअर पास नाही, जहाजाचा एजंट म्हणतो खलास, विचारूच नका. मी म्हटलं, मग बाळाला नेऊ.
डीना उसळली. "एवढंसं पोर दोरीच्या शिडीवरून? आई, तुला देव हवाय की नातू?"
 

२३ नोव्हें., रवि.
संध्याकाळी बाल्कनीत. समुद्रावर जहाजांचे दिवे. त्यातला त्याचा कुठला, सॅमलाही सांगता येईना. अर्धवट झोपेत वाटलं, ते दिवे कुणीतरी एकेक करून लावतंय, अनवाणी. त्या याजकांतही पाळ्या होत्या. आपली पाळी आली की घराणं यायचं, सेवा करायचं, निघून जायचं. या म्हाताऱ्यालाही जमीन नाही. कुणी पाय टेकू देत नाही.
सॅमला म्हटलं, बाळ राहू दे घरी. देणारा बाप, घेणारा कोहेन, चांदी. एवढं पुरे. माझ्या आईचे चांदीचे तोडे काढले. चांगले जड आहेत.
डीना म्हणाली, "ते मला देणार होतीस."
"तुझ्या मुलालाच देतेय."

२५ नोव्हें., मंगळ.
एकतिसावा. वारा सुटलेला. सॅम तोडे आणि मलिद्याचा डबा घेऊन लाँचवर गेला. पोहे, खोबरं, साखर, वेलची, इथले खजूर. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले. ते टक्क जागं.
सॅम आला तो नखशिखांत भिजून. लाटांमुळे लाँच शिडीला लागेना. वरून दोरीला बादली सोडली, त्यात डबा आणि तोडे ठेवले. लाँचवाला ओरडतोय यल्ला, यल्ला, चला लवकर. वर चीफ, बॉयलर सूट, डोक्यावर टोपी. विचारायचं ते त्याने ओरडून विचारलं: तुला काय हवं, पोरगा की चांदी?
"मी काय म्हटलं माहितेय? द बॉय! द बॉय! चार वेळा. सगळी लाँच बघत होती." बोलताना रडायला लागला. डीनाही.
पुढचा आशीर्वाद वाऱ्यात गेला. चीफचे ओठ हलताना दिसले, म्हणतो. मग बादली खाली आली. डबा रिकामा, पुसलेला. आत एक तोडा.
एकच!

२६ नोव्हें., बुध.
जहाज पहाटे गेलं.
दान परत घेणाऱ्यातले आम्ही नाही, मला भयंकर राग आला. सॅम म्हणतो, कोहेनने घेतलं की ते त्याचं, मग त्याने बाळाला भेट दिली. डीना म्हणते, दुसरा त्याने आपल्या सुनेसाठी ठेवला असेल. मला विचाराल तर दोघांनाही ठाऊक नाही. आधी दोन्ही घेतले, मग एक दिला? की एकच घेतला? एकाने पुरं होतं का? अर्धं पोर सुटलं का?
एजंटला विचारलं, ते जहाज परत येईल का? इन्शाल्ला, म्हणाला.
दुपारी तोडा बाळाच्या पोटावर ठेवला. त्याने धरला, सोडेना. डीना म्हणाली, "जोड मोडली गं आई."
म्हटलं, "मोडली कुठे? दुसरा समुद्रावर आहे."
बाल्कनीतून पाहिलं. त्या जागी आता दुसरं जहाज.