प्रार्थना चालू असताना

ल्युसीव्हिल, लुइझियाना
ता. ९ मार्च, शनिवार

चि. झेनी,

तुझ्या मॉमॉ आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांची चौकशी कोण करतंय. भेंडी अजून पेरली नाही, परसात पाणी साचलंय. शेजारच्या ओझेलाची साखर पुन्हा वाढली आणि ती पुन्हा म्हणते की डॉक्टरचं यंत्र खोटं बोलतं. काल तिच्याकडे पेकनच्या दाण्यांचा गोड केक केला होता. तिने एकटीने दोन तुकडे खाल्ले, यंत्राने एकही नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा गप्प बसतो. चुका काढत बसू नकोस. माझी शाळा उसाच्या शेतात संपली, हे तुला ठाऊक आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. टीव्हीवर किंवा तुझ्या त्या फोनमध्ये माझा फोटो दिसला तर लगेच किंचाळू नकोस. फोटो वाईट आलाय, तोंड उघडं आहे. मी त्या वेळी एवढंच सांगत होते की माझी पर्स खुर्चीखाली राहिली. पेपरवाल्याने खाली छापलं, घोषणा देणारी संतप्त आजी. घोषणा! पर्स, पर्स, अशी कुठली घोषणा असते?

मागच्या थँक्सगिव्हिंगला तू म्हणालीस, "मॉमॉ, तू जन्मभर नुसती गप्प बसलीस." मी म्हटलं, "ती मोर्चाची पाटी माझ्या टेबलावरून उचल, रंग ओला आहे." तू टर्कीला हात न लावता ओकलंडला परत गेलीस. रंग ओलाच होता, झेनी. डाग अजून गेला नाही. ते भांडण मला उकरायचं नाही, डागाचं तेवढं खरं म्हणून सांगितलं.

आता गावच्या कौन्सिलचं सांगते. कंपनीला रसायनांच्या आणखी टाक्या बांधायच्यात, ओझेलाच्या कुंपणापासून थेट नदीच्या बांधापर्यंत. आधीच्या टाक्यांचा वास तुला माहीत आहे. वारा तिकडून वाहिला की दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात. तर परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला गेल्या मंगळवारी सकाळी कौन्सिल बसलं. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं. पण नाव सभागृहातल्या टेबलावर लिहायचं, तेही सुरुवातीची प्रार्थना संपायच्या आत. एकदा आमेन झालं की नाव घेत नाहीत. हा नियम त्यांचाच आहे, कागदावर छापलेला. मागच्या सभेला आम्हाला तो माहीत नव्हता, आणि मी धरून आमची निम्मी माणसं उशिरा पोचली, बंद दाराबाहेर बसली आणि तोंड मिटून घरी आली. ओझेला तर भाषण पाठ करून गेली होती. परतताना गाडीत तिने ते सगळं मलाच ऐकवलं.

या खेपेला आम्ही दारं उघडायच्या आधीच जाऊन बसलो, चर्चमध्ये दार सांभाळणाऱ्या आम्ही सगळ्या बायका, पांढऱ्या कपड्यांत, पांढरे हातमोजे घालून. आमचे पास्टर गॅस्पार्ड म्हणाले होते, काळं घालून गेलात तर आधीच हरल्यासारख्या दिसाल. प्रार्थनेची पाळीही त्या दिवशी त्यांचीच होती. कौन्सिल दर सभेला एकेका चर्चच्या पास्टरला बोलावतं.

कंपनीने नदीपलीकडून माणसं आणायची ठरवली होती. बसगाड्या भरून, सगळ्यांना नवे पिवळे शर्ट. पण पुलावर ट्रॅक्टर आडवा झाला आणि बसगाड्या अडकल्या. कंपनीचा माणूस फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता.

पास्टर उठले. म्हणाले, "माना खाली घालू या."

आणि माझा हात दाराकडे गेला.

तुझी आई रांगत होती तेव्हापासून मी दारावर उभी आहे. प्रार्थना सुरू झाली की दार बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही, खोकला आला तर रुमालात. एक हात पाठीमागे, पाठ दाराला, नजर समोर. हे मी ठरवून करत नाही, जशी तू रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतेस तसं ते होतं. मी डावं दार धरलं. मान वर करून बघते तर पलीकडे ओझेला उजवं धरून उभी. ते कौन्सिलचं सभागृह आहे, आपलं चर्च नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सवय झाली, दुसरं काय.

तेवढ्यात बसगाड्या पोचल्या.

माझ्या पाठीमागे काचेवर टकटक झाली. मी हातमोजा वर केला, म्हणजे थांबा. पुन्हा टकटक. कंपनीच्या माणसाने दार जरासं ढकललं आणि फटीतून म्हणाला, "मॅडम, आम्हाला आत यायचंय."

मी मागे न बघता म्हटलं, "प्रार्थना चालू आहे."

"हो, पण आम्हाला नावं लिहायची आहेत."

"देवाला तुमचं नाव माहीत आहे."

समोरच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पास्टरनी एक डोळा उघडला. ती नजर मी ओळखते. चर्चच्या पोटलकला, घरोघरून आलेल्या पदार्थांत कुणाचा कमी पडला हे बघताना ती तशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओझेलाकडे बघितलं, काचेपलीकडचे पिवळे शर्ट बघितले, डोळा मिटला आणि मोठा श्वास घेतला.

झेनी, त्या माणसाने काय प्रार्थना केली! आजाऱ्यांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, सैन्यातल्या पोरांसाठी. मग कौन्सिलच्या एकेका मेंबरसाठी नाव घेऊन. मग त्या मेंबरांच्या आयांसाठी. अध्यक्षाची आई वारली तेव्हा पास्टर तिच्या उशाशी होते, तेही निघालं. बिचाऱ्या अध्यक्षाला डोळे पुसावे लागले, तो पास्टरना थांबवणार कसा? मग नदीसाठी. मग नदीतल्या माशांसाठी, जातवार.

पोलिसातली डेप्युटी लट्रीस, आठवते ना, डुप्रेंची थोरली, लहानपणी चर्चमध्ये च्युइंगम बाकाखाली चिकटवायची, ती माझ्याजवळ आली. कानात म्हणाली, "मिस अर्लीन, दार सोडा. ते लोक माझ्या नावाने ओरडतायत."

"टोपी," मी म्हटलं.

"काय?"

"प्रार्थना चालू आहे. टोपी काढ."

तिने टोपी काढली. मग मान खाली घालून उभी राहिली. कमरेला पिस्तूल, हातात टोपी. तिची आजी असती तर तिला फार बरं वाटलं असतं.

शेवटी आमेन झालं. कारकुनाने टेबलावरचा कागद उचलला. त्यावर सगळी नावं आपल्या रस्त्यावरची. आम्ही बोललो. ओझेलाने पाठ केलेलं भाषण मध्येच विसरून कौन्सिलला विचारलं, "तुमच्यापैकी कोण राहायला येतंय माझ्या घरी? खोली रिकामी आहे." मी वासाचं बोलले, कपड्यांचं बोलले. तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्याचं मी काढलं नाही. ते तीन मिनिटांत मावत नाही.

कंपनीचा वकील आरडाओरडा करायला लागला. अध्यक्ष म्हणाला, आज मत घेणं बरोबर दिसणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. एक महिना मिळाला. तोवर राज्याकडून हवा तपासायला यंत्रं येणार आहेत, ती आली की बाकीचं तीच बोलतील.

इथपर्यंतचं तुला पेपरात मिळेल. पुढचं मी टाळत होते, पण कागद उरलाय.

मला त्यांनी दुपारी उचललं. सभेत अडथळा आणल्याबद्दल. लट्रीसनेच नेलं. हातकड्या ढिल्या होत्या, मी हात बाहेर काढून तिला परत दिल्या, तर ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, काम कर आपलं, नाक पूस." संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. खायला पाव आणि थंड मांसाचा काप, मोहरीसुद्धा नाही. ओझेलालाही आणलं होतं, पण तिला घेरी यायला लागली, म्हणून तिने सही करून सुटका करून घेतली. तिला काही बोलू नकोस. तिने सही करावी म्हणून मीच पेन हातात दिलं.

सहीचा कागद असा. मी म्हातारी बाई, चर्चच्या सवयीने दार धरलं, मला ती सभा आहे याचं भान राहिलं नाही, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व. सही केली की खटला संपला. केली नाही तर येत्या मंगळवारी न्यायाधीशबाईंसमोर उभं राहायचं, आणि त्या मनात आणतील तर तुरुंगात टाकू शकतात.

सरकारने दिलेला वकील चांगला मुलगा आहे, बूट फार टोकदार घालतो. म्हणाला, "मिस अर्लीन, हे तर खरंच आहे ना? सवयच होती."

"होती."

"मग सही करा. तुमच्या वयाकडे बघून कुणीही विश्वास ठेवेल."

"तेच तर," मी म्हटलं. "ठेवतीलच."

त्याला कळलं नाही. तुला कळेल, म्हणून लिहिते. वर मी सवय झाली असं लिहिलं आहे. सगळ्यांना तेच सांगतेय, पास्टरना, ओझेलाला, लट्रीसला. ते अर्धंच खरं आहे. दार लावेपर्यंत सवय होती. पहिली टकटक झाली तेव्हा मी मान वळवली, काचेतून ते शर्ट बघितले, टेबलावरचा कागद बघितला आणि मला सगळं लख्ख कळलं. मी कुठे आहे, काय करतेय, आमेन झालं की काय होणार. हात तिथून काढता आला असता. मी तो काढला नाही. दार लावलं सवयीने, पण धरून ठेवलं मी.

आणि अजून एक. पिवळ्या शर्टांत माझ्या वयाची एक बाई होती. पाय सुजलेले. उभं राहवेना म्हणून ती बाहेर फरशीवर भिंतीला टेकून बसली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिच्या घरात कुणाला तरी कंपनीत काम हवं असेल, नाहीतर एवढा सुजलेला पाय घेऊन कोण येतं? मला माहीत आहे बंद दाराबाहेर बसणं कसं असतं. मागच्याच सभेला बसले होते. तरी मी दार सोडलं नाही. आता मी जर म्हटलं की अरेरे, म्हातारीला भान नव्हतं, तर त्या बाईला कुणी बाहेर ठेवलं? हातमोज्याने? तिला मी ठेवलं. माझ्या कपड्यांसाठी, माझ्या हवेसाठी, माझ्या पोरीसाठी ठेवलं. उद्या ती भेटली आणि तिने विचारलं तर मी तिला तोंडावर सांगेन. मग न्यायाधीशबाईंना वेगळं कशाला सांगू?

पास्टर म्हणाले, "अर्लीन, तू सही केलीस तर देव समजून घेईल." मी म्हटलं, "देव घेईल हो, पण कंपनी पण घेईल. पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर सांगतील, या बायांना आपण कुठे आहोत तेच कळत नाही, त्यांचं काय ऐकता?" त्यांनी मान डोलावून विषय सोडला. त्यांना गप्प बसवणं सोपं नाही, हे तू कबूल करशील.

म्हणून मी सही करत नाही. मंगळवारी सांगणार आहे की मला भान होतं.

भीती वाटते का, असं विचारू नकोस. अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही. काल सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना हात थांबत नव्हता, इतकं टाकलं की त्यांना संपेना. एवढंच.

कोंबड्या ओझेलाकडे जातील. फ्रिजमधलं गंबोचं कालवण खराब व्हायच्या आत कुणीतरी खाऊन टाका.

पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय, सोमवारी मिळेल, तरी तू ये असं मी लिहीत नाही. तुला नोकरी आहे, आणि विमानात तुझे कान दुखतात. पण आलीस तर मंगळवारी सकाळी नऊच्या आधी ये आणि पुढच्या बाकावर बस. न्यायाधीशबाईंना दिसू दे की ही म्हातारी कुणाची तरी आहे.

मंगळवारपर्यंत नक्की याच पत्त्यावर असणारी,
तुझी मॉमॉ
अर्लीन नार्सिस