आत्याआजीचा करारनामा

मोरावेक, टेक्सास
८ सप्टेंबर २०२५

चि. लिओना हिस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाबरोबर तीन डझन कोलाचे पाठवले आहेत. दोन डझन जर्दाळूचे, एक खसखशीचे. सॉसेजचे मागितले होतेस, ते पाठवलेले नाहीत. कोलाचे म्हणजे खळग्यात गोड सारण भरलेला पाव, सॉसेज भरलेल्या पावाला कोलाचे म्हणत नाहीत, हे तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाला, जन्मभर पटलं नाही. घराण्यात एकाला तरी पटू दे. आणि संघातल्या पोरींना वाटून खा. कॅचरला दिवसभर फलंदाजामागे उठाबशा काढायच्या असतात हे लक्षात ठेव.

पत्रास कारण असं की, तुझा बाप माझ्या काउंटरवर कोपर टेकून बातमी सांगून गेला. या जुलैपासून म्हणे कॉलेजं खेळाच्या मिळकतीतला वाटा थेट खेळाडूंना देऊ लागली आहेत. शिवाय दुकानदारांनी खेळाडूचा फोटो छापून पैसे दिले तर तेही हल्ली चालतं. मी विचारलं, आमच्या लिओनाला किती मिळाले? तर हसला. म्हणाला, फुटबॉलवाल्यांची ताटं भरून उरलं तर सॉफ्टबॉलचं बघतात, आणि त्यातही चेंडू टाकणाऱ्या दोघी पिचर पोरींपलीकडे कुणाचं नाव नाही. तू मात्र घरभाड्यासाठी पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवतेस.

माझी बेकरी एक्केचाळीस वर्षांची आहे. मी ठरवलं आहे, माझ्या खोक्यावर तुझा फोटो छापायचा. सोबत पाच हजार डॉलरचा चेक आणि करारनामा आहे. त्यातले प्रश्न आमच्या बेकरीतल्या जॉर्जेटने कॉम्प्युटरवरून उतरवून दिले, उत्तरं मी माझ्या हाताने लिहिली. आधी कागद कॉलेजच्या ऑफिसात दे, मग चेक बँकेत टाक. क्रम चुकवू नकोस.

कळावे. लोभ आहेच, रिकामी खोकी तेवढी परत पाठव.

तुझी,
अल्बिना आत्याआजी

---

विद्यापीठातून
२३ सप्टेंबर २०२५

ती. अल्बिना आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

खोकी दारात उघडली आणि दारातच संपली. पोरी विचारतायत, तुझी आत्याआजी दत्तक घेते का.

चेक बघून मी पायरीवरच बसले. तू वेडी आहेस, आणि मी तुझा एक मोठा मुका घेतला आहे असं समज. भाड्याची तारीख डोक्यावर होती म्हणून चेक आधी टाकला. कागदही देतेच, पण सध्या सकाळी सराव, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी शिकवण्या, असा नुसता घाणा चालू आहे. काळजी करू नकोस, एका फॉर्मने काय होतंय!

खरी बातमी पुढेच आहे. गेली दोन वर्षं मी राखीव कॅचर म्हणून बाकावर बसले. या मोसमात पहिली कॅचर मी. कोचबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. पहिला सामना सहा फेब्रुवारीला आहे, घरच्याच मैदानावर. तू यायचंच आहेस. गुडघा कसा आहे? हवा पालटली की तो धरतो, तेव्हा आतापासूनच शेकत जा.

लोभ असू दे, जर्दाळूसकट.

तुझी,
लिओना

---

विद्यापीठातून
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझी चूक कबूल करते. क्रम चुकला. सहाशे डॉलरच्या वरचा कुठलाही करार पाच दिवसांत कळवायचा असतो. मी तुझा कागद चाळीस दिवसांनी दिला, आणि शहाणपणाची कमाल म्हणजे न वाचताच जोडला.

काल नियम बघणाऱ्या ऑफिसातल्या रेनफ्रोबाईंनी बोलावलं. त्यांनी तुझी उत्तरं मला मोठ्याने वाचून दाखवली. या खेळाडूची निवड का केली, या प्रश्नाला तू लिहिलंस: माझ्या भावाची नात आहे. रक्कम कशी ठरवली: तिचं घरभाडं विचारून. मोबदल्यात ती काय काम करणार: काही नाही, अभ्यास करावा आणि वेळेवर जेवावं.

बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या की या खुर्चीत बसल्यापासून इतका खरा कागद माझ्या हाती आला नव्हता. आणि मग म्हणाल्या की हा नामंजूर होणार. फोटोचे पैसे खऱ्या धंद्यासाठी आणि बाजारभावाने दिलेले असावेत असा नियम आहे. एरवी कॉलेजचे धनाढ्य चाहते जाहिरातीच्या नावाखाली खेळाडू विकत घेतील. एक्केचाळीस वर्षांत तू एकदाही जाहिरात केली नाहीस, आणि आता एकदम पाच हजार!

यातून दोन वाटा आहेत. एक, करार रद्द करायचा आणि चेक परत. मग तू आत्याआजी म्हणून मला घर बांधून दिलंस तरी कुणी विचारणार नाही. दुसरी, कराराचा खराखुरा धंदा करून दाखवायचा, आणि ते तपासायला किती दिवस लागतील याचा नेम नाही. निकाल लागेपर्यंत मी मैदानात उतरू शकत नाही. आत्याआजी, पहिली वाट सोपी आहे. रद्द करून टाक ना.

लोभ असावा, राग नसावा.

लिओना

---

मोरावेक
२० नोव्हेंबर २०२५

चि. लिओना हिस,
अ. उ. आ.

रद्द करणार नाही.

मी काय खोटं लिहायला हवं होतं? भावाची नात आहेस म्हणूनच निवडलं. हायवेवरच्या ट्रकवाल्याच्या पोराला कशाला निवडू?

आणि भेट मला द्यायची नाही. भेट मी तुला बारशाला दिली, नाताळात देते. हे पैसे खेळाचे आहेत. कागद हवा, त्यावर सही हवी, शिक्का हवा. तुझ्या रेनफ्रोबाईंना काय दुरुस्त्या हव्यात ते विचार, मी करीन. पण करार राहील.

गुडघ्याचं विचारत जाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, हट्टही आहे.

अल्बिना आत्याआजी

---

विद्यापीठातून
२ डिसेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. हट्ट दिसला, कारण दिसलं नाही.

मी दोन वर्षं बाकावर काढली गं. दुसऱ्यांच्या पिचरना सराव दिला, दुसऱ्यांचे मास्क पुसले. आता कुठे ती जागा माझी झाली, आणि ती एका कागदासाठी जाणार? बाबा म्हणतात, आत्या लहानपणापासून अशीच, तिच्या नादी लागू नकोस. पण मला नादी लागायचं नाहीये, मला खेळायचं आहे.

करार मोडायला एका बाजूची सही पुरते असं बाई म्हणाल्या. पंधरा तारखेला, सोमवारी, मी जाऊन सही करणार आहे. भाडं मी शिकवण्यांतून भागवीन. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे आणि मला आत्ताच वाटतंय.

लोभ असावा ही खरोखरची विनंती.

लिओना

---

मोरावेक
७ डिसेंबर २०२५

चि. लिओना हिस,
अ. उ. आ.

आज रविवार, बेकरी बंद आहे. चर्चहून आले आणि लिहायला बसले. कारण विचारतेस, तर ऐक. हे तुझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं.

१९६८ साली मी वीस वर्षांची होते. टंकलेखनाच्या कॉलेजात होते आणि तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळत होते. दिवसा टायपिंग, रात्री आईबरोबर कणीक. आणि खेळायला भावाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबून. आमच्या गावातल्या झापालाकच्या बुटांच्या दुकानात माझा फोटो काचेत लावायचं ठरलं, कारण काउंटीच्या वर्तमानपत्रात माझं नाव आलं होतं. झापालाक भला माणूस. फोटोबद्दल त्याने मला एक जोड बूट दिले, पांढरे, माझ्या मापाचे. आयुष्यातले पहिले.

राष्ट्रीय स्पर्धेच्या चार दिवस आधी समितीची दोन माणसं आली. त्यांनी काचेतला फोटो बघितला, माझे पाय बघितले आणि सांगितलं की हिने खेळाबद्दल मोबदला घेतला, ही आता हौशी खेळाडू उरली नाही. मी बूट परत करते म्हटलं. ते म्हणाले, घेतले ते घेतले. स्पर्धा मी कोट घालून प्रेक्षकांत बसून बघितली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

घरी काय सांगणार? बुटांपायी मुलगी बाहेर काढली, ही त्या वेळी लाजेची गोष्ट होती. मी गुडघा दुखावला म्हणून सांगितलं. मग तो दुखरा ठेवावाच लागला. सत्तावन्न वर्षं मी पाऊस आला की न चुकता गुडघा धरते, इतकी सवय झाली आहे की कधीकधी एकटी असतानाही धरते.

तुझा बाप ती बातमी सांगत होता तेव्हा माझ्या हातातला चिमटा खाली पडला. जे मी केलं ते आज नियमाने चालतं. म्हणून मला भेट द्यायची नव्हती. आमच्या घरातल्या एका मुलीला खेळाबद्दल दिलं, उघड दिलं आणि कुणी चोर म्हटलं नाही, असा एक कागद मला हवा होता.

पण तुझी जागा जाऊन मला कागद नको. कोट घालून बसणं काय असतं ते मला माहीत आहे. सोमवारी जा आणि सही कर. माझं काही म्हणणं नाही.

तुझी,
अल्बिना आत्याआजी

---

विद्यापीठातून
१३ डिसेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले आणि मग चिडले, तुझ्यावर नाही, त्या दोन माणसांवर. ती जिवंत असती तर सॉसेजचे कोलाचे खायला घातले असते.

मी सही करणार नाही. सोमवारी जाणार आहे, पण नवा कागद घेऊन यायला. नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे मी बेकरीत येते. शनिवारी गिऱ्हाइकांना खोक्यांवर सह्या देईन, मुलींना अंगणात चेंडू झेलायला शिकवीन. खरं काम, खरा भाव. वेळेत मंजूर झालं नाही तर? होईल. माझं मन सांगतं.

एकच अट आहे. झापालाकच्या काचेतला तो फोटो तू टाकून दिलेला नसणार, मी तुला ओळखते. तो शोधून ठेव.

लोभ वाढावा, गुडघा बरा व्हावा!

लिओना

---

मोरावेक
१० जानेवारी २०२६

चि. लिओना हिस,
अ. उ. आ.

तू गेलीस आणि बेकरी सुनी झाली. जॉर्जेट म्हणते, लिओना असती तर शनिवारची रांग फाटकापर्यंत गेली असती. गेल्या शनिवारी, तू होतीस तेव्हा, खरंच गेली होती. आठ वर्षांच्या पोरी हातमोजे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या आया दोन दोन डझन घेऊन गेल्या. हे मी तुझ्या सांगण्यावरून नव्या कागदात जसंच्या तसं लिहिलं आहे. वर हेही लिहिलं की कणकेत खळगा पाडायला पोरीला अजून येत नाही, अंगठा फार खोल दाबते. खरं ते लिहावं.

रक्कम पाच हजारांची बाराशेवर आणली. आसपासचे दुकानदार तुझ्यासारखीला तेवढंच देतात असं बाईंनी कळवलं होतं. उरलेले परत आले. मला वाईट वाटलं नाही. बाराशे तू कमावलेस, एप्रन पांढरा करून.

कॉलेजचा गणवेश घालून फोटो काढायचा नाही हा नियम मला आवडला. माझ्या एप्रनमध्ये तू जास्त शोभतेस. पण त्याच खोक्यावर शेजारी माझा जुना फोटो कशाला छापायचा, ते मला अजून समजलेलं नाही. पिठाच्या डब्यामागून काढून पाठवला आहे, नीट ठेव.

लोभ असावा आणि निकाल लवकर यावा.

अल्बिना आत्याआजी

---

विद्यापीठातून
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

मंजूर! आज सकाळी अकराला कळलं. कोचबाईंनी मला मास्क फेकून मारला, म्हणजे आनंदाने. शुक्रवारी पहिली कॅचर मीच आहे.

सोबतचं पार्सल नीट उघड. खोक्यावर तुझा फोटो छापायचा तर तुझ्याशीही करार हवा, नाही का? खेळाडूचा फोटो फुकट वापरत नाहीत हल्ली. रेनफ्रोबाईंकडून कोरा फॉर्म मागून आणला. त्या म्हणाल्या की हा तपासायची कुणाला गरज नाही, पण मी वाचल्याचा शिक्का मारते. बघ, मारला आहे. मोबदला पार्सलमध्येच आहे.

तुझी जागा घरच्या बाजूला, पहिल्या रांगेत राखून ठेवली आहे. कोट आणू नकोस.

तुझी,
लिओना

---

मोरावेक
८ फेब्रुवारी २०२६

चि. लिओना हिस,
अ. उ. आ.

सामन्यानंतर तुला भेटून बोलता आलं नाही, ओरडून घसा बसला होता. शेजारच्या माणसाने मला दोनदा खाली बसायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तोच उभा राहिला. सहाव्या डावात समोरच्या संघाची ती उंच पोरगी धाव पुरी करायला होम प्लेटवर, तुझ्या अंगावरच घसरत आली आणि तू चेंडू सोडला नाहीस, तेव्हा मी काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुझा कागद त्याआधी बुधवारी आला होता. दुकान बंद करून वाचला. या खेळाडूची निवड का केली: माझ्या आजोबांची बहीण आहे, आणि काउंटीतली सगळ्यात चांगली बास्केटबॉल खेळाडू होती. रक्कम कशी ठरवली: तिच्या पायाचं माप विचारून. मोबदल्यात ती काय काम करणार: काही नाही, काम १९६८ सालीच झालं आहे.

मग मी खूप वेळ रडले. तुला सांगते, बाकी कुणाला सांगू नकोस.

बूट अगदी मापाचे आहेत. पांढरे आहेत म्हणून जॉर्जेट म्हणाली, पिठाने खराब होतील. म्हटलं, पीठही पांढरंच असतं. तेच घालून सामन्याला आले होते, तू बघितलंस का? पायऱ्या उतरताना तुझा बाप हात द्यायला आला आणि गुडघ्याचं विचारू लागला. मी सांगितलं, बरा झाला.

कागद सही करून परत पाठवते आहे. खाली दोन रकाने होते, एक दुकानदाराच्या सहीचा आणि एक खेळाडूच्या. एक्केचाळीस वर्षं मी दुकानदार म्हणून सह्या करत आले. या खेपेला दुसऱ्या रकान्यात केली.

तुझी,
अल्बिना आत्याआजी